मस्टरबाहेरच्या लोकांना ट्रेनिंग: कुणाला, कसं आणि कुणाच्या पैशाने?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणला मध्यम साइजची ऑटो पार्ट्स कंपनी, विचारणारे तिथं एचआरमध्ये, ट्रेनिंग कॅलेंडर त्यांच्याकडं. आता एमडी म्हणतात शिकवणं फक्त आपल्या एम्प्लॉईजपुरतं ठेवू नका, सप्लायर, कंत्राटी पोरं, सर्व्हिसवाले सगळ्यांना घ्या. तर हे खरंच कुणी करतं का, की नवीन फॅड आहे, आणि करायचं तर सुरुवात कुठून?

मी आधी क्वालिटीत होते आणि नंतर बरीच वर्षं याच पट्ट्यात ट्रेनिंग बघितलंय, त्यामुळं उत्तर शॉप फ्लोअरच्या बाजूनं देते. आयटीवाल्यांना यातलं सगळं लागू होणार नाही.

फॅड नाहीये. आपल्याकडं साखर कारखाने हे काम कितीतरी वर्षं करतायत. कारखान्याचं सगळं गणित रिकव्हरीवर, म्हणजे टनामागं साखर किती निघते त्यावर. मिल कितीही भारी बसवा, उसातच साखर कमी असेल तर मिल काय करणार, आणि ऊस पिकवणारा माणूस काही कारखान्याच्या पगारावर नसतो. म्हणून पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, जी 1975 मध्ये सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी मिळून उभी केली, ती एकीकडं कारखान्यातल्या टेक्निकल लोकांना शिकवते आणि दुसरीकडं शेतकऱ्यांसाठी ऊसशेती ज्ञानयाग आणि महिलांसाठी ज्ञानलक्ष्मी घेते, कारखाने आपापल्या भागातले शेतकरी तिथं पाठवतात, बेणं कसं निवडायचं, खोडवा कसा ठेवायचा, पाचट जाळायचं का नाही, सगळं शिकून लोक परत जातात. पण याच साखळीत एक माणूस सुटलाय बघा. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, कोयता चार बोटं वर मारला की तेवढी साखर रानातच राहिली. तो कोयता ज्याच्या हातात आहे तो मुकादमामार्फत येतो, उचल घेऊन येतो, सीझन संपला की जातो, आणि त्याला बसवून शिकवणारे कारखाने मला तरी फारसे दिसले नाहीत. तुमच्या कंपनीतही तीच गोष्ट आहे, फक्त तिथं मुकादमाला लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणतात.

ठिबकवाल्यांचंही तसंच. फिल्टर धुतला नाही, लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्या, फ्लश केल्या नाहीत, क्षार साचल्यावर अ‍ॅसिड ट्रीटमेंट दिली नाही की ड्रिपर चोक होणार, आणि शेतकरी म्हणणार कंपनीचा माल खराब. जळगावच्या जैन हिल्सवर, म्हणजे ठिबक बनवणाऱ्या जैन इरिगेशनच्या परिसरात, शेतकऱ्यांच्या सहलीच्या सहली जातात त्याला प्रसिद्धी हे एक कारण असेलच, पण गिऱ्हाईक शिकलं नाही तर माल चालत नाही हे जास्त मोठं कारण आहे.

आता तुमच्याकडं या. तुमचा एखादा चालू पार्ट घ्या, समजा एखादा वेल्डेड ब्रॅकेट. त्याचं ब्लँकिंग, म्हणजे पत्रा कापून आकार काढणं, भोसरीतल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये होतं, प्लेटिंग तिसऱ्याकडं, वेल्डिंग तुमच्याकडं पण थर्ड शिफ्टला कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा करतो, फायनल इन्स्पेक्शनला अप्रेंटिस उभा असतो, पॅकिंगला कॉन्ट्रॅक्टच्या बायका, मग ट्रान्सपोर्टवाला, मग कस्टमरच्या लाइनवरचा ऑपरेटर. या सगळ्यात तुमचा परमनंट माणूस कुठं आहे? लाइन लीडर, मेंटेनन्स, टूल रूम, झालं. आणि ट्रेनिंग कॅलेंडर काढून बघा: टाइम मॅनेजमेंट, कम्युनिकेशन स्किल, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल, लीडरशिप, वर्षातून एकदा फायर ड्रिल. पार्टला हात लावणारे वेगळे आणि हॉलमध्ये बसून समोसा खाणारे वेगळे. एमडींना बहुतेक हेच कुठंतरी खटकलंय, त्यांनी ते मोठ्या शब्दांत सांगितलं एवढंच.

त्यामुळं माझा एकच मुद्दा आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. कुणाला शिकवायचं हे पगार कोण देतं त्यावरून ठरवू नका, डिफेक्ट कुठं तयार होतो त्यावरून ठरवा. मागच्या वर्षभराच्या कस्टमर कंप्लेंट घ्या, इनहाउस रिजेक्शन घ्या, क्वालिटीवाल्यांबरोबर बसा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा, त्यावेळी हात कुणाचा होता आणि त्या हाताला हे काम कुणी शिकवलं होतं. नाव नाही लिहायचं, ते महत्त्वाचं आहे, नाहीतर लगेच ही लिस्ट माणसं काढायला वापरतात आणि पुढच्या वेळी तुम्हाला कुणी खरं सांगत नाही. फक्त परमनंट, कंत्राटी, अप्रेंटिस, सप्लायर असं लिहा. या लिस्टमधून जे दिसेल ते कुठल्याही ट्रेनिंग नीड फॉर्ममधून दिसणार नाही, कारण तो फॉर्म भरतो हेड ऑफ डिपार्टमेंट, तोही मार्च एंडला, घाईत.

कंत्राटी कामगारांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथंच सगळे अडकतात. तुम्ही म्हणाल यांना क्लासमध्ये घेऊ, की लगेच आयआर मॅनेजर (कामगार संबंध बघणारा) किंवा कंपनीचे वकील सांगणार, नको, ट्रेनिंग दिलं, सर्टिफिकेट दिलं की उद्या तो कोर्टात दाखवणार की मी कंपनीचाच माणूस. ही भीती अगदी हवेतली नाहीये. 2001 च्या सुप्रीम कोर्टाच्या सेलच्या (स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या) निकालात सांगितलंय की कॉन्ट्रॅक्ट नुसतं दाखवायला असेल तर तो कामगार मूळ कंपनीचाच धरला जाईल, आणि मग कंट्रोल आणि सुपरव्हिजन कुणाचं होतं यावर वाद चालतात. पण ही अर्धी बाजू झाली. दुसरी बाजू अशी की फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कामगाराच्या व्याख्येत कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेलाही येत होता, आणि भोपाळच्या वायू दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीत जे 7ए कलम घातलं त्यात माहिती, इन्स्ट्रक्शन, ट्रेनिंग आणि सुपरव्हिजन देण्याची जबाबदारी ऑक्युपायरवर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडं त्याच्यावर, टाकली होती. त्यात परमनंट-कंत्राटी असा भेद नव्हता. (नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लेबर कोड आलाय, आता काय कुठल्या कलमात आहे ते वकिलाकडून चेक करून घ्या, पण सेफ्टीची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरवर ढकलून कुणी सुटलेलं मी पाहिलं नाही.) आणि तुमच्याकडं आयएटीएफ 16949, म्हणजे ऑटो कंपन्या सप्लायरकडून मागतात ते क्वालिटी स्टँडर्ड, असणारच, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत 7.2.2 मध्ये ऑन द जॉब ट्रेनिंगबद्दल स्पष्ट लिहिलंय की यात कॉन्ट्रॅक्ट आणि एजन्सीची माणसंही धरायची. म्हणजे कस्टमरचं स्टँडर्ड सांगतंय द्या, सेफ्टीचा कायदा सांगतोय द्या, आणि आपण घाबरून देत नाही. एकदा हे सगळं एका कागदावर लिहून वकिलासमोर ठेवा, सूर बदलतो. व्यवहारात मार्ग असा निघतो की स्टेशन क्वालिफिकेशन म्हणून रेकॉर्ड ठेवायचं, म्हणजे अमुक स्टेशनवर उभं राहायच्या आधी सेफ्टी आणि क्वालिटीचं एवढं आलं पाहिजे, त्यावर कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरचीही सही, आणि हजेरी कॉन्ट्रॅक्टरच्याच रजिस्टरला.

पण खरं दुखणं वकील नाहीये, ब्रेक आहे. 240 दिवस भरले की सलग नोकरीचा हक्क सांगता येतो, ते भरू नयेत म्हणून सात महिने झाले की पोराला ब्रेक देतात हे या पट्ट्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चांगला वेल्डर हाताला वळण लागायलाच काही महिने घेतो. म्हणजे हात बसला की गेट पास जमा, आणि तो पोरगा शेजारच्या फेजमध्ये दुसऱ्या कंपनीत परत पहिल्यापासून. मग मीटिंगमध्ये आपणच म्हणतो की शिकवून उपयोग नाही, माणसं टिकत नाहीत! अहो, टिकू कोण देत नाही? हे एचआर एक्झिक्युटिव्हच्या हातात नसतं हे मला मान्य आहे, तरी एमडी स्वतःहून विषय काढतायत तर हा आकडा त्यांच्यासमोर ठेवाच, की क्रिटिकल स्टेशनवर आज जी माणसं आहेत त्यातली किती जण तीन महिन्यांच्या आतली आहेत. तो आकडा आणि त्या स्टेशनचं रिजेक्शन एका पानावर शेजारी शेजारी लावा, खाली काही लिहू नका.

अप्रेंटिसचं त्यातल्या त्यात बरं आहे कारण तिथं कायद्यानंच शिकवणं बांधून दिलंय. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्या एकूण संख्येत कंत्राटी माणसंही मोजायची, हे बरेच जण विसरतात. नॅप्समध्ये, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत, स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार उचलतं. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी अप्रेंटिसला पहिल्या दिवसापासून लाइनवर उभं करतात आणि लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकत्र बसून भरतात, नीम ट्रेनी (आता बंद झालेल्या सरकारी योजनेतले) होते तेव्हाही हेच चालायचं. तुमच्याकडं तसं असेल तर बाहेरच्यांना शिकवायच्या गप्पा नंतर, आधी हे नीट करा, कारण इथं निदान वर्षभर माणूस तुमच्या हातात आहे.

सप्लायरचा भाग. हा मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीनं केला जातो. नेहमीची पद्धत म्हणजे वर्षातून एकदा सप्लायर मीट, हॉटेल, एमडींचं भाषण, बेस्ट सप्लायरला ट्रॉफी, आणि दुपारच्या सेशनला झोप. प्लेटिंगवाल्याचा मालक येतो, प्लेटिंग करणारा येतच नाही. याच्या उलट उदाहरण पुण्याच्याच भागातलं आहे, 1999 च्या सुमारास युनिडो (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था), अ‍ॅक्मा (ऑटो पार्ट्स बनवणाऱ्यांची संघटना) आणि फियाट यांनी मिळून छोट्या ऑटो पार्ट्सवाल्यांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात एआरएआय ही पुण्याची वाहन संशोधन संस्थाही होती. त्यात क्लासरूम थोडं होतं आणि बाकी वेळ कौन्सेलर प्रत्येकाच्या शॉपमध्ये जाऊन उभा राहायचा, फाइव्ह एस (जागेची टापटीप), कायझेन (छोट्या छोट्या सुधारणा), लेआउट, सगळं त्याच्या जागेवर, त्याच्याच माणसांबरोबर. पुढं अ‍ॅक्माचे क्लस्टर याच धर्तीवर चालले, पाच-दहा कंपन्या एकत्र, आज तुझ्या शॉपला सगळे, पुढच्या महिन्यात माझ्या. दुसऱ्यानं येऊन आपला पसारा बघायचा म्हटलं की मालक आधीच्या आठवड्यात झाडून घेतो, आणि त्यातून थोडं शिकतोही. तुमच्या सगळ्या सप्लायरांना हे करायला जाऊ नका. ज्या तिघा-चौघांमुळं तुम्हाला कस्टमरकडं सॉर्टिंगला, म्हणजे खराब माल वेगळा काढायला, माणसं पाठवावी लागतात तेवढेच घ्या, आणि तिथं एचआरनं एकट्यानं जाऊ नये, क्वालिटीचा एक आणि प्रोसेस समजणारा एक असे बरोबर न्या. एचआर एकटं गेलं की चहा मिळतो आणि फोटो मिळतो.

शिकवायचं कसं यावर लोक खूप पैसे उडवतात, एलएमएस (ऑनलाइन ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर) घेतात, मॉड्यूल विकत घेतात, आणि ज्याच्याकडं कंपनीचा ईमेल आयडीच नाही त्याला लॉगिन कसं द्यायचं यावर सहा महिने जातात. मला अजूनही सगळ्यात भरवशाची पद्धत वाटते ती दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेत 1940 ते 45 मध्ये अनुभवी कामगार लढाईवर गेले आणि कारखान्यात नवखी माणसं आली, तेव्हा ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून सरकारी कार्यक्रम चालवला, 16 हजारांहून जास्त कारखान्यांत. त्यात कामगाराला नाही तर सुपरवायझरला शिकवायचे, शिकवायचं कसं ते. आधी माणसाला तयार कर, त्याची भीती घालव; मग काम करून दाखव, महत्त्वाच्या जागा आणि त्याची कारणं सांगत; मग त्याच्याकडून करून घे, तोंडानं बोलायला लावून; मग सोडून दे पण येऊन बघत रहा. एवढंच. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, की कामगाराला आलं नाही याचा अर्थ शिकवणाऱ्यानं शिकवलं नाही. युद्ध संपल्यावर अमेरिकेनं ते गुंडाळलं, जपाननं उचललं, आणि आज आपल्याकडं जपानी कस्टमर आला की डोजो रूम (लाइनवर जायच्या आधी सराव करायची खोली) बांधा म्हणतो त्यात तेच फिरून आलेलं आहे. गंमत म्हणजे डोजो रूम आपण रंगरंगोटी करून मस्त बांधतो, पण लाइन लीडरला शिकवायचं कसं ते कुणी शिकवत नाही. तो वीस वर्षांचा अनुभवी माणूस असतो, त्याचा हात इतका सवयीचा झालेला असतो की तो नेमकं काय करतो ते त्यालाच सांगता येत नाही, मग तो म्हणतो "बघ, असं करायचं", आणि पोरगं मान हलवतं. तुमच्याकडं बजेट अगदी थोडं असेल तर ते लाइन लीडरांवर आणि कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरांवर घाला, बाकी सगळं पुढच्या वर्षी केलं तरी चालेल.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी कागद, इंग्लिशमध्ये, ऑडिटरसाठी. लाइनवर मराठवाड्याचा, विदर्भाचा, बिहारचा, ओडिशाचा पोरगा. वन पॉइंट लेसन, म्हणजे एका पानावर एकच मुद्दा, मराठीत आणि हिंदीत करा, दोन फोटो, एक बरोबर एक चूक, खाली एक ओळ. आणि मिनिटभराचे व्हिडिओ मोबाइलवर शूट करा, चांगल्या ऑपरेटरच्या हाताचे, त्याच्याच आवाजात, मशीनवर क्यूआर कोड चिकटवा. सप्लायरलाही तोच पाठवा. प्लांटमध्ये मोबाइल बंदी असेल तर लाइनच्या टोकाला एक टॅब लावा. व्यावसायिक व्हिडिओवाल्याला बोलावू नका, तो ड्रोन घेऊन येतो.

आता क्लासच्या बाहेरचं शिकणं, ज्यावर हल्ली फार बोललं जातं. 70-20-10 तुम्ही ऐकलं असेलच, सत्तर टक्के कामातून, वीस इतरांकडून, दहा क्लासमधून. हे आकडे आले 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या कामातून, आणि ते मॅनेजर लोकांनी आपण कशातून शिकलो याच्या सांगितलेल्या आठवणींवर आहेत. वेल्डरला लावायला जाऊ नका, आणि क्लासचं बजेट कापायला तर अजिबात वापरू नका, कारण सीएफओंना हा आकडा फार आवडतो. दिशा बरोबर आहे, एवढंच त्यातून घ्या. त्याच दशकात झेरॉक्सच्या सर्व्हिस टेक्निशियनांबरोबर ज्युलियन ऑर नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ फिरला, त्याला दिसलं की मॅन्युअलमध्ये नसलेले फॉल्ट हे लोक जेवताना, चहा पिताना एकमेकांना किस्से सांगून सोडवतात. कंपनीच्या हिशेबात तो वेळ वाया गेलेला. पुढं झेरॉक्सनं टेक्निशियनांनी स्वतः लिहिलेल्या अशा युक्त्या एकत्र करून यंत्रणा उभी केली. आपल्याकडं हे आधीच चालू आहे, मेंटेनन्सवाल्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा, रात्री दोनला कुणीतरी ड्राइव्हचा एरर कोड टाकतो आणि दुसऱ्या प्लांटमधला, कधी कधी दुसऱ्या कंपनीतला मित्र उत्तर देतो. यात एचआरनं घुसून अ‍ॅडमिन व्हायचं नाही, ग्रुप मरतो. फक्त महिन्यातून एकदा त्यातल्या एखाद्याला विचारा की यातलं काय सगळ्यांना कळायला हवं, आणि त्याचा वन पॉइंट लेसन करा, खाली त्याचं नाव टाकून.

सर्व्हिसवाल्यांबद्दल एमडींनी म्हटलंय, त्यात थोडं थांबा. गाडी बनवणाऱ्यांना हे करावंच लागतं. 1 एप्रिल 2020 ला बीएस6 हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि बहुतेक टू-व्हीलरमधून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. डीलरचे मेकॅनिक कंपनीनं शिकवले, पण रस्त्याकडेचा गॅरेजवाला, ज्यानं आयुष्यभर कानानं ऐकून कार्बोरेटर ट्यून केला, त्याच्यासमोर एकदम सेन्सर आणि स्कॅनर आले. गॅरंटी संपली की गाडी त्याच्याकडंच जाणार आहे, तो कुणाच्याही मस्टरवर नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी यूट्यूबवरून आणि एकमेकांकडून शिकून घेतलंय. ईव्हीमध्ये तर हाय व्होल्टेजचा प्रश्न आहे, तिथं बघून बघून शिकणं जीवावर बेतू शकतं. पण तुमचा पार्ट जर थेट बाजारात विकला जात नसेल आणि वेल्डेड असेंब्लीतच जात असेल तर गॅरेजवाला तुमच्या यादीत आत्ता नाही. एमडींना तसं सरळ सांगा. तुमच्या दृष्टीनं "कस्टमर" म्हणजे ओईएमच्या (गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या) लाइनवरचा तो ऑपरेटर, आणि त्याला शिकवण्यापेक्षा तुमच्या दोन इन्स्पेक्शनवाल्या पोरांना तिथं नेऊन आपला पार्ट कुठं बसतो ते दाखवलं तर जास्त फरक पडतो. बऱ्याच जणांनी आपण बनवतो तो ब्रॅकेट गाडीत कुठं असतो हेच पाहिलेलं नसतं!

पैशाचं. ट्रेनिंग बजेट म्हणून मागितलं तर मिळणार नाही, कारण फायनान्स म्हणणार बाहेरच्या माणसांवर खर्च का. डेबिट नोट (खराब मालापोटी कस्टमरनं कापलेले पैसे), प्रीमियम फ्रेट (घाईत माल पाठवायचं जादा भाडं) आणि सॉर्टिंग एजन्सीची बिलं यांची वर्षाची बेरीज करा, ती बेरीज बहुतेक तुमच्या ट्रेनिंग बजेटपेक्षा मोठी निघेल, आणि त्यातला एक छोटा तुकडा मागा, एका पार्टसाठी, एका प्लेटिंगवाल्यासाठी, एका थर्ड शिफ्टसाठी. मोजायचंही तेच, त्या पार्टचं पीपीएम, म्हणजे दहा लाखांत खराब किती. किती मॅनडेज ट्रेनिंग झालं आणि फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी किती मिळाले हे ऑडिटला लागतं म्हणून ठेवा, एमडींना दाखवू नका. आणि पीपीएम कमी झालं तरी त्याचं सगळं श्रेय ट्रेनिंगचं आहे असं म्हणू नका, कारण त्याच काळात टूल रूमनं फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायचा साचा) बदललेलं असतं आणि ते लोक मीटिंगमध्ये बोलतात.

एक शेवटचं, कंत्राटी आणि अप्रेंटिस पोरांसाठी. जे शिकलं त्याचा कागद त्यांना मिळायला हवा. 2023 च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये 30 तासांच्या शिकण्याला एक क्रेडिट असा हिशोब ठेवलाय, आणि त्यात व्होकेशनल ट्रेनिंग आणि कामाचा अनुभवही धरता येतो. आधीपासून काम येतं पण सर्टिफिकेट नाही अशांसाठी रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग आहे. यासाठी सेक्टर स्किल कौन्सिलचा (त्या त्या उद्योगाच्या कौशल्य परिषदेचा) असेसर लागतो, आणि सर्टिफिकेटवर कौन्सिलचं नाव येतं, तुमच्या कंपनीचं नाही, त्यामुळं वकीलसाहेबांचा आक्षेपही बराचसा निघून जातो. असेसमेंटची तारीख मात्र ब्रेकच्या आधीची घ्या, नाहीतर यादीतली निम्मी पोरं त्या दिवशी गेटबाहेर असतील.